बाद केलेला कॅन

माझी थोरली लेक सरकारी आरोग्य खात्यात आहे. दोन वर्षं तिच्या टेबलावर एकच काम होतं, देशातल्या लोकांनी मीठ किती कमी करायचं तो आकडा ठरवणं. रक्तदाब, अंगावरून वारं जाणं, मूत्रपिंड निकामी होणं, ह्या दुखण्यांचा माग काढत गेलं की म्हणे वाटेत मीठ भेटतंच. पैसेवाल्या देशांनी आपापले आकडे केव्हाच ठरवले. आपल्याकडे बैठकाच चालल्या होत्या, आणि प्रत्येक बैठकीहून ती आणखी थोडी वाळून घरी यायची.

"अगं, मीठ कमी खा म्हणायला दोन वर्षं कशाला लागतात?" मी विचारायची.

"आधी लोक किती खातात ते कळायला हवं ना, आई. ते माहीत नसेल तर कमी कशातून करणार?"

ते कळायची रीत ऐकली आणि मी कानांवर हात ठेवले. सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंतची सगळी लघवी एका पांढऱ्या कॅनमध्ये साठवायची. खाल्लेलं मीठ तिथूनच बाहेर पडतं, ते प्रयोगशाळेत मोजतात. देशभरातल्या काही गल्ल्या सोडत काढून निवडल्या होत्या, आणि माझं नशीब बघा, त्यात आमची निघाली. थोरलीचा त्यात हात नव्हता. असता तर तिनं आधी आमचीच गल्ली वगळली असती. आईचं तोंड तिला ठाऊक आहे.

नर्सबाई आदल्या दिवशी कॅन वाटून गेली. "उद्या तुमच्या मिठाची तपासणी आहे," असं दारोदार सांगत गेली. मी कॅन न्हाणीघरात ठेवला, त्यावर जुना टॉवेल टाकला आणि रोजच्यासारखाच स्वयंपाक केला. ह्यांचं बिनमिठाचं वेगळं, माझं नेहमीचं. आमच्या ह्यांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हापासून घरात दोन पातेली चढतात. उजवी बाजू गेली, वाचा गेली, राग तेवढा शाबूत आहे.

पुढच्या महिन्यात थोरली एकदा भरदुपारी आली. चपला काढल्या आणि दारापाशीच भिंतीला टेकून बसली.

"काय झालं गं?"

"आकडे आले. आपले लोक मीठ खातच नाहीत म्हणे."

"कोण म्हणतं?"

"कॅन म्हणतात. सगळीकडचे. अर्थ खात्याचे साहेब हसले. म्हणाले, बाई, लोक एवढे शहाणे आहेत तर आरोग्य योजनेतलं मिठाचं कलम काढून टाका, तेवढाच खर्च वाचेल. पुढची समिती बसली की कलम जाणार."

मी पाणी आणून दिलं. तिनं पेला हातात नुसता धरून ठेवला.

"आपल्या गल्लीतही तसंच. एकच कॅन भलताच खारट आला. प्रयोगशाळेनं त्याच्यापुढे शेरा मारलाय, नमुना बिघडलेला, बाद करा."

"कुणाचा?"

ती गप्प. कुणाचं काय आलं ते सांगायची तिला परवानगी नसते. पण पोरगी माझ्या पोटची आहे, तिचं गप्प बसणं मला वाचता येतं.

"माझा कॅन बिघडलेला?"

"आई, त्याच्यावर नाव नसतं, नुसता नंबर असतो."

"माझा बाद केला आणि शिंपिणीचा ठेवला? जिच्या घरचा एक घास खाल्ला की माठ रिकामा करावा लागतो, तिचा?"

थोरलीनं मान वर केली. "त्या दिवशी तिनं काय शिजवलं होतं?"

"मला काय ठाऊक? मी काय तिच्या पातेल्यात डोकावते?"

डोकावते, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

"तू विचारशील तिला? मी गेले तर साहेबीण आली म्हणून खरं सांगायची नाही."

"लघवीच्या चौकशा करत फिरू मी? ह्या वयात?"

"नको मग." तिनं पेला न पिताच खाली ठेवला. "माझ्यात आता भांडायचं त्राण नाही गं."

रागावली असती तर मी जागची हलले नसते. पदर खोचला आणि निघाले.

शिंपीण समोरच राहते. मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होती.

"कॅनच्या दिवशी काय शिजवलं होतंस गं?"

"उकडलेल्या भाज्या, काकू. मिठाचा कण नाही. मुलं जेवलीच नाहीत."

"कशासाठी एवढं?"

"तपासणी म्हटल्यावर घर झाडून घेतोच ना माणूस. सरकारी कागदावर आपलं घर खारट म्हणून लागायला नको. सगळ्यांनीच केलं तसं. तुम्ही नाही केलंत?"

"मी कुणासाठी माझं पातेलं बदलत नाही."

"मग तुमचा आकडा वाईट आला असेल." आणि हसली.

"माझा खरा आला. तुझा खोटा. ह्यांना जेवू घालताना बघितलंयस ना मला? अर्धा घास ओठावरून परत येतो. तुझ्या घरी असं व्हायला नको म्हणून थोरली मरमर मरतेय, आणि तुम्ही भाज्या उकडताय. कॅन परत येतील. रोज जे शिजवतेस तेच शिजव. पुन्हा घर झाडलंस तर माझे परकर दुसरीकडे शिवायला जातील."

तिनं मशीन थांबवलं. "खरं हवंय असं कुणी सांगितलंच नाही, काकू."

तेच मी उरलेल्या दारांवर जाऊन सांगितलं. काही जणी लाजल्या, काही फिदीफिदी हसल्या. मग घरी आले. थोरली होती तिथेच बसली होती. सगळं ऐकून तिनं तो पेला उचलला आणि पाणी प्यायली.

समिती बसण्याआधी थोरलीनं आमच्या गल्लीत कॅन परत धाडले, ह्या वेळी न सांगता, एका सकाळी अचानक. आकडे आले तेव्हा सबंध गल्ली खारट निघाली. माझा कॅन कुठंतरी मधल्या रांगेत जाऊन बसला. पहिलं कोण ते थोरलीनं सांगितलं नाही. मी शिंपिणीच्या घराकडे बोट दाखवलं, तर गप्प बसली. मला तेवढं पुरलं.

ते दोन्ही आकडे घेऊन ती समितीपुढे गेली. जेवणवेळेला परतली तेव्हा मी ह्यांना भरवत होते.

"राहिलं कलम?"

"राहिलं. सगळ्या गल्ल्या परत मोजायच्या. मग मीठ तिसऱ्या हिश्श्यानं कमी करायचं, असं ठरलं." ती खुर्चीत बसली, पिशवी मांडीवरच. "पण मुदत मी पाच वर्षं मागितली होती. त्यांनी दहा केली."

"म्हणजे तोवर ज्यांच्या अंगावरून वारं जाईल ते जाईल."

"हळूहळू कमी होत जाईल, आई. झालं तर."

ह्यांनी ओठ मिटून घेतले होते. डावा हात उचलून माझ्या ताटातल्या मिठाकडे बोट केलं.

"सरकारसुद्धा नको म्हणतंय आता," मी म्हटलं. ह्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"बघ गं तुझ्या बाबांचं," म्हणत मी मागे पाहिलं. थोरली बसल्या जागी झोपली होती, हनुवटी छातीला टेकलेली.

चमच्यातला भात गार झाला. तो मी ताटात परत टाकला, पातेल्यातला गरम घेतला, आणि चमचा पुन्हा ह्यांच्या तोंडापाशी धरून बसले.