तानीचं कुंकू आणि माझा निळा रंग

मित्रांनो, मी भिवंडीच्या एका फोटो स्टुडिओतली जुनी चादर आहे, आणि आमच्या सुचेताचं वागणं मला मुळीच पटत नाही. कोणाचाही फोटो हातात आला की तिला तो आहे तसा ठेववत नाही. कोणाचा कान मोठा, कोणाची साडी विटकी, सगळ्यांना सुधारायला निघते. स्वतःची वेणी कधी सरळ घातली नाही, ती बाई दुसऱ्यांची डोकी नीट करणार!

असो. आधी माझं सांगते. मला अक्षर येत नाही, पण बोलता येतं. माझा जन्म कामतघरच्या एका लूमवर झाला. जाडाभरडा मांजरपाट होते मी. माझ्या ताग्यातल्या बाकीच्या कापडाच्या पिशव्या झाल्या. मला मात्र सुचेताच्या नवऱ्यानं, केसरीनाथनं, फोटोमागे टांगायला आणलं. ते साल ऐंशी. नामा पेंटरनं मला भिजवून जमिनीवर पसरलं, वरच्या कडेला गर्द निळा रंग लावला आणि खाली येताना रंगात पाणी वाढवत नेलं. कड सुकायच्या आत पुढचा हात. निळा कुठं संपला आणि पांढरा कुठं सुरू झाला, ते खुद्द नामालाही दाखवता आलं नसतं. माझ्यापुढे बसून काळीसावळी माणसंसुद्धा उजळ दिसली. लोक फोटो बघून म्हणायचे, मागचा रंग काय सुरेख आहे. मी काही न ऐकल्यासारखं करायची.

मग नव्व्याण्णव साली संगणक आला आणि मला गुंडाळून कपाटामागे उभं केलं. एकोणीस वर्षं मी सगळ्यांच्या पाठीशी उभी राहिले. आता माझ्या पाठीशी पाल होती.

त्याच साली तानी आली. अकलोलीकडच्या पाड्यावरची. तिच्याजवळ एकच फोटो होता, नव्या लग्नाचा, ती आणि तिचा नवरा नवशा. माझ्यापुढेच काढलेला. नवशा दोन वर्षांपूर्वी वारला होता. लेकीचं, धाकलीचं, लग्न ठरलं होतं आणि बापाच्या जागी पाटावर ठेवायला तो फोटो मोठा करून हवा होता. ओलीनं मागचा रंग पिवळा पडला होता. तो पहिल्यासारखा निळा कर, एवढंच तानीनं मागितलं.

सुचेताला संगणक शिकून जेमतेम दोन महिने झाले होते. फोटो ठाण्याहून स्कॅन करून फ्लॉपीवर चढवून आणला, त्यातच चार दिवस गेले. बाई कामाला बसल्या शेवटच्या दिवशी दुपारी. भारनियमनामुळे रोज चारला वीज जायची. साडेचारला तानीची एसटी. लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी.

तिनं पिवळ्या भागावर टिचकी मारली. एवढीशी पट्टी पकडली गेली, कारण रंग वरून खाली बदलत जाणारा, आणि त्या यंत्राला एकसारखा रंग तेवढाच ओळखू यायचा. तिनं पट्टीत निळा ओतला. मग शेजारच्या पट्टीत. मग तिसऱ्या. अडीच वाजेपर्यंत नवशाच्या मागे निळ्या पट्ट्यांचा जिना उभा राहिला. चिडून तिनं अख्ख्या फोटोचाच रंग फिरवला, तशी नवराबायकोही निळी पडली. ते मागे घेतलं, फोटो पुन्हा उघडला, डोकं धरून बसली.

शेवटी आली माझ्याकडे. मला उलगडून हुकाला टांगलं आणि बराच वेळ बघत राहिली. मग माउसनं दोघांच्या कडेकडेनं रेघ फिरवू लागली. कान, टोपी, पदर. एकदा हात घसरला, पुन्हा कानापासून सुरुवात. माणसं राखून ठेवली आणि उरलेल्या पाठीवर गर्द निळा ते पांढरा, असा रंग वरून खाली एका दमात ओढला. उतरला, मित्रांनो. माझाच निळा.

इथं थांबायचं होतं. पण तिची नजर तानीच्या कपाळावर गेली. तानी आता विधवा, मांडवात चार लोक नावं ठेवतील, असा विचार तिनं परस्पर केला. शेजारच्या कातडीचा रंग उचलला, कुंकवावर फिरवला आणि फोटो जुन्याच नावावर साठवून टाकला. फ्लॉपीवरची जुनी प्रत गेली.

साडेतीनला तानी आली. नवशाला बघून हसली. मग तिचं बोट संगणकाच्या काचेवर, फोटोतल्या स्वतःच्या कपाळाशी थांबलं. सुचेतानं समजावलं की लोकांसाठीच केलं, तुझ्या भल्यासाठी.

तानी हळूच म्हणाली, "बाई, फोटोत तो जिता हाय ना? मंग माझं कुंकू कुनी पुसलं?"

 बाहेर लूमची खडखड चालू होती, म्हणजे अजून वीज होती. सुचेतानं घाईघाईनं कपाळाच्या मधोमध लाल गोल ठिपका काढला. तानीनं नाही म्हणून मान हलवली. म्हणाली, फोटो काढला त्या दिवशी एसटीतल्या घामानं कुंकू ओघळलं होतं. नवशानं इथल्याच देव्हाऱ्यातली चिमूट घेऊन अंगठ्यानं लावलं, ते डावीकडं गेलं. तसंच ठेवून दोघं बसली. मी मागेच होते, खरं सांगत होती. कागदावरच्या जुन्या फोटोत ते मोहरीएवढं दिसायचं, बघून आकार कळला नसता, पण तानीला पाठ होतं.

तिनं सुचेताच्या हातावर हात ठेवला आणि माउस सरकवला. "हितं. जरा लांबट. त्याचा आंगठा मोठा व्हता."

चारला सहा मिनिटं असताना प्रिंटर सुरू झाला. ओळ ओळ करत कागद बाहेर येत होता. निळा आला, टोपी आली, कुंकू आलं.  पाय उमटले, कागद सुटला, आणि बाहेरची खडखड एकदम गप्प झाली. तानीनं फोटो पदरात गुंडाळला आणि एसटीकडं धावत सुटली.

सुचेता अंधाऱ्या संगणकासमोर बसून राहिली. तिला ऐकू जावो न जावो, मी तोंडावर बोलले.

"सुचेता, मागचा रंग तू हवा तसा बदल. मला गुंडाळून ठेव, पाल बसव माझ्यावर, मी काही बोलणार नाही. पण माणसाच्या कपाळावरचं त्याला विचारल्याशिवाय पुसायचं नाही. एवढं शिक, मग खुशाल त्या खुर्चीवर बस."