शिशिरबाबूंचा सिनेमा माझ्यावर होता

नॉटिंगहॅममधल्या एका घराच्या लॉफ्टमध्ये, ख्रिसमसच्या दिव्यांच्या खोक्याशेजारी, मी पडून आहे. मी व्हिडिओ कॅसेट. मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्या बहिणी असतील. कुणावर लग्न, कुणावर बारसं, कुणावर टीव्हीवरून उतरवलेली क्रिकेटची मॅच. माझ्यावर सिनेमा होता. हे 'होता' म्हणणं मला अजून जड जातं.

कारखान्यातून मी कोरी आले. कोऱ्या कॅसेटला कसलं आलंय आयुष्य! १९८४ साली बर्मिंगहॅमच्या एका छोट्या स्टुडिओत शिशिर लाहिडी नावाचे गृहस्थ रिळांचे डबे घेऊन आले आणि त्यांचा बंगाली सिनेमा माझ्यावर उतरवला गेला. तो माझा जन्म. काम संपेपर्यंत ते टोपी हातात धरून उभेच होते. मग त्यांनी माझ्या कडेची इवलीशी प्लॅस्टिकची पट्टी मोडून टाकली. ती मोडली की कॅसेटवर दुसरं काही टेप होत नाही. मला वाटलं, आता आपल्याला कशाची भीती नाही.

शिशिरबाबू कोण, हे या देशात कुणाला ठाऊक नव्हतं. तरुणपणी ते गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपनीत राजाच्या मागे भाला धरून उभे राहत. पुढे कलकत्त्याला सिनेमात नायकाचे मित्र झाले, मग नायक झाले. लोक रस्त्यात थांबवून त्यांचा हात हातात घेत. पण दुसऱ्याच्या सांगण्यावरून हसण्या-रडण्याचा त्यांना कंटाळा आला आणि ते स्वतः सिनेमे काढू लागले. पहिले पडले. माझ्यावरचा शेवटचा होता, तोही पडला. पण तो चांगला होता. मला तोंडपाठ होता, म्हणून सांगते.

त्याच्या शेवटाकडे एक जागा होती. नायक, म्हणजे शिशिरबाबूच, नदीच्या घाटावर उभा आहे आणि नावेतून एक बाई पलीकडे निघाली आहे. त्या कामासाठी ठरवलेली नटी शूटिंगला आलीच नाही. शिशिरबाबूंची बायको कणिका सगळ्यांसाठी जेवणाचे डबे घेऊन आली होती, तिलाच नावेत बसवलं. ती मागे वळते आणि हसते. बस, एवढंच. पुढे कणिकाबाई वारल्या. त्यांचे फोटो होते, पण हलतं चित्र तेवढं एकच. रिळं कलकत्त्याला परत गेली ती गोदामातल्या दमटपणाने खराब होऊन संपली. जगात मी एकटी उरले.

मुलगी रुना नॉटिंगहॅमला नर्स होती, तिच्याकडे शिशिरबाबू राहत. जेवण झालं की ते मला लावत, ती जागा पाहत, मागे नेत, पुन्हा पाहत. तिथे माझी फीत झिजून चित्रावर रेघा उमटल्या. त्या रेघांचा मला अभिमान होता. पाहून झालं की ते मला अगदी सुरुवातीपर्यंत गुंडाळून ठेवत. शिस्तीचा माणूस.

शेजारी डॉक्टर शशिधर आणि त्यांची पत्नी सुनीती राहत. १९८९च्या गणेशोत्सवात इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या मुलांचं मराठी नाटक बसवायला त्यांनी शिशिरबाबूंनाच गळ घातली. मुलांचं मराठी मोडकं, शिशिरबाबूंना ते मुळीच येत नव्हतं. तालमी इंग्रजीत चालल्या. म्हातारा पुन्हा ताठ चालू लागला.

"अंकल, मी माझं वाक्य विसरले तर?" डॉक्टरांच्या मीनलने विचारलं.

"विसरलीस तर समोर बघत राहा. खरंखुरं बघ. बघणं हीच मोठी अ‍ॅक्टिंग."

डॉक्टरांनी सिनेमा पाहायला मला घरी नेलं होतं, पाहून परत सुरुवातीपर्यंत गुंडाळलंही होतं. कार्यक्रमाला शिशिरबाबू भेटणारच, तेव्हा परत देऊ म्हणून त्यांनी मला बॅगेत टाकलं, बॅग सुनीतीबाईंच्या हाती दिली आणि स्वतः ऑन कॉल म्हणून हॉस्पिटलला गेले. आत काय आहे ते सांगायचं राहून गेलं.

हॉलमध्ये आरती सुरू व्हायची वेळ झाली आणि कॅमेरा सांभाळणाऱ्या उदयच्या लक्षात आलं की कोरी कॅसेट घरीच राहिली. रविवार होता, आणि तेव्हा इथे रविवारी दुकानं बंद असत.

"वहिनी, तुमच्या बॅगेत एक जुनी कॅसेट दिसतेय. वापरू का? टॅब मोडलाय तिचा."

सुनीतीबाई मोदकांच्या पातेल्यात अडकल्या होत्या. "टीव्हीवरचं काहीतरी असेल. घे की. सेलोटेप आहे बघ त्या ड्रॉवरमध्ये."

मोडलेल्या पट्टीच्या जागी सेलोटेप चिकटवली की कॅसेट पुन्हा वापरता येते, हे आपल्या लोकांच्या घराघरांत ठाऊक. काही वाया जाऊ द्यायचं नाही ना! उदयने तुकडा चिकटवला, अंगठ्याने दाबला.

मी ओरडू शकत नव्हते. पहिल्या रांगेत शिशिरबाबू प्रमुख पाहुणे म्हणून बसले होते, नवा कोट घालून. आरती झाली, नाटक झालं. मीनल खरंच वाक्य विसरली आणि नुसती समोर बघत राहिली. शिशिरबाबूंनी सर्वांच्या आधी टाळी वाजवली. त्या प्रत्येक टाळीबरोबर त्यांचा सिनेमा माझ्यावरून पुसला जात होता. नाटक संपेपर्यंत ती नावेची जागा शाबूत होती हो! पण मंडळाचे अध्यक्ष आभार मानायला उठले आणि बसायचं नावच घेईनात. कणिकाबाई त्या भाषणाखाली गेल्या.

ड्यूटी संपवून डॉक्टर आले, बॅगेत हात घातला. मी तिथे नव्हते, उदयच्या कॅमेऱ्यात होते.

दुसऱ्या दिवशी सगळे रुनाकडे जमले. सुनीतीबाई हात जोडून म्हणाल्या, "शिशिरबाबू, मी... मी बघितलंसुद्धा नाही हो आत काय आहे ते."

"लावा," ते म्हणाले.

त्यांनी आरती पाहिली, नाटक पाहिलं. मीनल गप्प उभी राहिली तिथे पुटपुटले, "छान केलं पोरीने." अध्यक्षांचं भाषणही त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग पडद्यावर मुंग्या आल्या, आणि घाट दिसला. तरुण शिशिरबाबू उभे होते, दूर पाण्याकडे बघत. नाव निघून गेली होती. सिनेमा संपला.

मग त्यांनी मला बाहेर काढलं, सवयीने आधी पूर्ण मागे गुंडाळून, आणि सुनीतीबाईंच्या हातात दिलं. "यात तुमची मुलं आहेत. तुम्हीच ठेवा."

ते पुन्हा मला मागायला आले नाहीत. तीन वर्षांनी हिवाळ्यात गेले. डॉक्टरांच्या घरी मला कुणी लावत नाही. कुणाला धीर होत नाही. मीनल आता मोठी झाली आहे, मँचेस्टरला कॉलेजात शिकते. सुट्टीत ती कधीतरी लॉफ्टमध्ये येते, मला हातात घेते आणि ठेवून देते.

मित्रांनो, मला उन्हापासून, ओलीपासून जपा असं मी म्हणणार नाही. माझं आता काय व्हायचं राहिलं आहे? पण कुणी एखाद्या वस्तूची पट्टी मुद्दाम मोडून ठेवली असेल, तर तिथे सेलोटेप लावण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा. तो पहिल्या रांगेतच बसलेला असतो.

सेलोटेपचा तुकडा पिवळा पडला आहे, सुटत मात्र नाही. आत शिशिरबाबू अजून घाटावर उभे आहेत. ते बघताहेत, खरंखुरं बघताहेत. ज्या बाईकडे बघताहेत, ती माझ्यावर राहिलेली नाही.