न सरकलेला पाच

मी एक जुना पाच आहे. मला एका जागी बसवत नाही आणि जागचं हलताही येत नाही. मित्रांनो, माझी सगळी तडफड एवढीच. तरी ऐकाच, कारण तिच्यापायी एका म्हाताऱ्या माणसाचा श्वास अडकला होता.

एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर, पत्रकं तयार करायच्या खोलीत माझा जन्म झाला. ज्यांना घरी नाकातल्या नळीने भरवावं लागतं, त्यांच्यासाठी सूचना लिहायच्या होत्या. लिप्या तीन, प्रत्येकीत सात पायऱ्या. पहिल्या दोन लिप्यांचे आकडे संगणकाने आपले आपण घातले. मधे एखादी ओळ घातली की खालचे सगळे निमूट एकेक घर पुढे सरकायचे. आमची लिपी मात्र उजवीकडून डावीकडे जाणारी. संगणक आमचे आकडे हट्टाने डाव्या टोकाला नेऊन ठेवी, तेही परक्या लिपीतले. जुळणीवाल्या बाईंनी दोन दिवस झटापट केली, तिसऱ्या दिवशी कपाळाला हात लावला आणि आम्हा सातही जणांना हाताने टंकून टाकलं. आकडा, कंस, मोकळी जागा. झालं! मी दिसायला वाटोळा, वाटाण्याएवढा. नवखे लोक मला शून्यच समजतात.

पुढे माझं कौतुक झालं. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की शेजारच्या याद्यांचे कधी चौकोन व्हायचे, कधी प्रश्नचिन्हं. माझ्या अंगावर ओरखडा नाही. "ही यादी बघा, दगड आहे दगड!" बाई सगळ्यांना सांगायच्या. मला मात्र आतून सारखी चुळबुळ. शेजारचे सरकतात. मी का नाही?

वरच्या मजल्यावर फोनवर बसणाऱ्या सिस्टर होत्या. त्यांना आमची भाषा येत नव्हती, फक्त दहापर्यंतचे आकडे आणि "झालं" हा शब्द यायचा. तेवढ्यावर त्या काम निभावून न्यायच्या. घरचं माणूस आपल्या पत्रकावर बोट ठेवी, सिस्टर स्वतःच्या लिपीतलं पत्रक पाहून आकडा म्हणत, तिकडून "झालं" आलं की पुढचा आकडा. कोणत्याही लिपीतला पाच म्हणजे तेच काम, हा सगळा भरवसा.

मग डॉक्टरांनी एक पायरी वाढवली. नळीवरची काळी खूण नाकपुडीशी आहे का, ते आधी पाहायचं. ही पायरी तिसरी. शेजारच्या दोन्ही याद्या क्षणात सरकल्या, सातच्या आठ झाल्या. माझ्या यादीत मात्र तीनपासून खाली एकेक आकडा पुसून नवा टंकायला हवा होता. बाई घाईत होत्या. त्यांनी नवी ओळ दोनच्या शेपटाला जोडून टाकली.

"चालेल ना गं?" त्यांनी खाली आलेल्या सिस्टरना विचारलं.

"सगळं आलंय ना त्यात? मग झालं तर," सिस्टर म्हणाल्या. मान वर केली नाही.

शेजारचा पाच आता सांगत होता, थोडं पाणी सोडा आणि खोकला येतो का पाहा. मी अजून सांगत होतो, अन्न सोडा. सरक, मी स्वतःला म्हणालो. सरक ना!

माझं पत्रक गेलं एका शिवणकाम करणाऱ्या बाईकडे. सासरे अंथरुणाला खिळलेले, नळी नवी, सून घाबरलेली. दुपारी फोन लागला.

"एक?"

"झालं."

"दोन?"

सून दोनची पहिली ओळ वाचून, उशी उंच करून "झालं" म्हणाली. शेपटापर्यंत पोचेपर्यंत सिस्टर तीनवर गेल्या होत्या. खूण पाहायची राहिली. नळी दोन बोटं बाहेर आलेली होती.

"चार?"

आमच्या चारला पाणी. तिने सोडलं. सासरे खोकले, म्हणजे पाणी श्वासनळीकडे जात होतं. सिस्टरच्या चारला नळीची टोपी काढायची होती. टोपी काढताना माणूस खोकलं तर त्यात काय एवढं!

"झालं? छान. पाच."

खोकला ऐकूनही सिस्टर पुढे गेल्या, म्हणजे ठीकच असणार, असं समजून सुनेचं बोट माझ्यावर आलं. गरम, घामेजलेलं. तिने अन्नाची पिचकारी उचलली. दोन घोट गेले. सासऱ्यांचे ओठ निळे पडले.

"सहा?" फोन विचारत होता. "सहा?"

सुनेने नळी चिमटीत धरली, सुई धरतात तशी घट्ट, आणि घर दणाणून जाईल अशी ओरडली.

चार दिवस ते रुग्णालयात होते. वाचले. सिस्टरनी सुनेचं पत्रक मागून घेतलं, आपलं शेजारी ठेवलं, एकेका आकड्यावर बोट ठेवून त्याचं काम सुनेकडून खुणांनी समजून घेतलं आणि दोन्ही पत्रकं घेऊन तशाच तळमजल्यावर धावल्या.

"ताई, माझा पाच पाणी आहे. त्यांचा पाच जेवण!"

बाईंनी दोन्ही पत्रकं पुढे ओढली. "मी तुला विचारलं होतं गं."

"हो. आणि मी पाहिलं नव्हतं."

बाईंनी आठवडा घालवून यादी नव्याने बांधली. उजव्या टोकाला, आमच्याच लिपीत, आपोआप सरकणारे आकडे. मी जुन्या कागदावर खणात पडून आहे. चुळबुळ अजून आहेच.

मित्रांनो, एका कामाच्या दोन याद्या केल्यात, तर शेजारी ठेवून आकड्याला आकडा लावून पाहा. जी भाषा तुम्हाला वाचता येत नाही, तिथे तर आधी पाहा. सिस्टर आता एकच्या आधी शेवटचा आकडा विचारतात. त्या घरी फोन लागला की सासरे अंथरुणातूनच आठ बोटं वर करतात आणि ती मोजून झाल्याशिवाय सुनेला पिचकारीला हात लावू देत नाहीत.