बारावं पदक

नंदकिशोर टेंबे घरात कोणाचं ऐकत नसे आणि मंडळात कोणापुढे बोलत नसे. जपानमधल्या ओजिमाच्या सरकारी वसाहतीत सातव्या मजल्यावर त्याचा आवाज लिफ्टपर्यंत जायचा. योकोहामाच्या पदक-संग्राहक मंडळात मात्र चार वर्षं तो मागच्या खुर्चीवर बसून नुसती मान डोलवत आला होता. मंडळाचे अध्यक्ष कुसाका-सान, वय अठ्ठ्याहत्तर, पांढरे हातमोजे चढवल्याशिवाय पदकाला बोट लावत नसत. नोव्हेंबरच्या प्रदर्शनात टेबल कोणाला द्यायचं, हे तेच ठरवत. यंदा ते नंदकिशोरला मिळालं होतं.

मांडायला त्याच्याकडे बारा जर्मन पदकं होती. श्टुटगार्टच्या प्रोजेक्टवर असताना रविवारच्या जुन्या बाजारात हा नाद लागला, तो जपानला बदली झाली तरी सुटला नाही. पुढाऱ्यांच्या स्मरणार्थ पाडलेली, तळहातात मावणारी कांस्याची पदकं. बिस्मार्कपासून ब्रांटपर्यंत एकेक जण ओळीनं. मधे तो मिशीवालाही होता, ज्यानं अर्धं जग पेटवलं. ते पदक घरी आलं तेव्हा स्नेहलता, नंदकिशोरची बायको, दोन दिवस धड बोलली नव्हती.

"इतिहासातलं पान फाडून टाकता येत नाही," त्यानं तिला ऐकवलं होतं.

"पान राहू दे. देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर नको," ती म्हणाली, आणि पेटी चपलांच्या कपाटावर गेली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो ऑफिसात असताना स्नेहलतानं समई, ताम्हण, पळी काढून चिंच-मिठानं लख्ख केली. वाटीत चिंच उरली. नवऱ्याच्या वस्तू पहिल्यांदाच चारचौघांत मांडल्या जाणार, आणि त्या अशा कळकटलेल्या? लोक काय म्हणतील, घरात बाई आहे की नाही? तिनं पेटी उघडली.

संध्याकाळी नंदकिशोर येऊन बघतो तर अकरा पदकं ताम्हणाच्या शेजारी चमचम करत होती. वर्षानुवर्षं धातूवर चढलेला तो तपकिरी रंग, ज्याच्यावर संग्राहक जीव टाकतात, सिंकमधून वाहून गेला होता. एकच पदक जसंच्या तसं होतं. चिंच संपली असणार, असं त्याला वाटलं. "तुला कोणी सांगितलं होतं?" तो म्हणाला, आणि आवाज न चढवता म्हणाला. त्यालाच स्नेहलता घाबरली. मग महिनाभर मिठाची बरणी मागायलासुद्धा सोळा वर्षांच्या मुलीला, नेत्राला, मधे घ्यावं लागलं. दिवाळीचा फराळही मुक्यानंच झाला.

प्रदर्शनाच्या दिवशी स्नेहलता साडी नेसून दारात उभी राहिली. "मी येणार. केलं मी, तर ऐकूनही मीच घेईन." नेत्राही निघाली.

कुसाका-साननी पेटी उघडली आणि दातांतून हळूच श्वास आत ओढला. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "टेंबे-सान, घासलेलं पदक आपण मांडत नाही. नियम आहे. पण हे एक उत्तम राहिलंय. हे एकटंच मधोमध ठेवू. वरून दिवा सोडतो." त्यांचं पांढरं बोट मिशीवाल्याकडे होतं.

'हाय', म्हणजे हो, एवढं म्हटलं की काम झालं असतं. टेबल, दिवा, नावाची पाटी, चार वर्षं ज्यासाठी मान डोलवली ते सगळं समोर होतं. शब्द त्याच्या ओठांवर आलाही होता.

"हे एकच कसं काय वाचलं?" कुसाका-साननी सहज विचारलं. नेत्रानं आईला मराठीत सांगितलं.

"वाचलं नाही, मी ठेवलं," स्नेहलता म्हणाली. "बाकीचे कोण ते मला माहीत नाही. ह्याला मी ओळखते. ह्याचं तोंड मी माझ्या हातानं उजळणार नाही."

नेत्रानं एकही शब्द मवाळ न करता ते जपानीत सांगितलं.

नंदकिशोरला लाज वाटली. पुस्तकं त्यानं वाचली होती, तारखा त्याला पाठ होत्या, आणि हा माणूस बाकीच्यांच्या पंगतीत सारख्याच मानानं बसलाय हे त्याला कधी खुपलं नव्हतं. जिला महिनाभर मूर्खात काढलं, तिनं उरलेल्या वाटीभर चिंचेनं निवाडा केला होता.

"बाराच्या बारा," तो जपानीत म्हणाला, "अशीच्या अशी. नाहीतर एकही नाही."

"नियम आहे, टेंबे-सान."

"असू दे. ह्याला एकट्याला मखरात बसवायला मी चार वर्षं थांबलो नव्हतो." हा आवाज लिफ्टपर्यंत जाणारा होता. सभागृहातल्या माना वळल्या. त्यानं पेटी उचलली.

बाहेर बागेत एक बाक होतं. तिथं तिघं बसली, मांडीवर उघडी पेटी घेऊन. वहीतलं पान फाडून नेत्रानं त्यावर जपानीत लिहिलं: 'बारा जर्मन नेते. अकरा स्नेहलता टेंबे यांनी उजळले. बाराव्याला त्यांनी हात लावला नाही.' येणारे-जाणारे थांबू लागले. एका म्हाताऱ्या बाईंनी ते दोनदा वाचलं आणि स्नेहलताच्या शेजारी बसून आपल्या डब्यातली संत्र्याची फोड तिला दिली.

पाच वाजता कुसाका-सान बाहेर आले. हातमोजे काढलेले होते. चिठ्ठी वाचून ते स्नेहलतापुढे कमरेत वाकले आणि निघून गेले. पुढच्या वर्षी टेबल मिळणार नाही, हे नंदकिशोरला तेव्हाच कळलं, आणि ते मिळालं नाहीच.

पुढच्या दसऱ्याला चिंच त्यानंच भिजत घातली. अकरांपुरतीच.