नाव नव्हतं, आवाज होता

मित्रांनो, आमच्या खोलीचं दार कुणी आतून लोटून घेतलं की मी सावध होतो. गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजातल्या स्त्री-अभ्यास केंद्राचा मी जुना रेकॉर्डर. तळहाताएवढा, काळा, पाठीवर पांढऱ्या रंगात केंद्राचं नाव. बंद असलो तरी मला ऐकू येतं, फक्त साठवून ठेवता येत नाही. आणि इतक्या वर्षांत इतकं ऐकलंय, की गोड आवाजावर माझा चटकन विश्वास बसत नाही.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला ठाऊक नाही. बारा वर्षांपूर्वी आभा मॅडमनी मला आणलं. त्या हाच विषय शिकवायच्या आणि मुलींना सांगायच्या, "पुस्तकातली बाई वाचून झाली, आता जिवंत बाईचं ऐका." मग मी मनमाडच्या रेल्वे वसाहतीत गेलो, पेठच्या पाड्यांवर गेलो. तेव्हा मुली मला रुमालात गुंडाळून नेत. पुढे प्रत्येकीच्या हातात मोबाईल आला आणि मी खणात पडलो. सेल काढून घेतले, मनगटात अडकवायची पट्टी हरवली. कौतुक संपायला फार दिवस लागत नाहीत.

यंदा मला बाहेर काढलं ते सुलाबाईंमुळे. पंचवटीत राहणाऱ्या सुलाबाई शहराबाहेरच्या एका शेडमध्ये द्राक्षं निवडायला जात. शेवटच्या वर्षाची अपूर्वा आणि तिची जोडीदार चैताली प्रकल्पासाठी त्यांच्याकडे गेल्या, तर त्यांनी अपूर्वाच्या मोबाईलकडे बोट दाखवलं.

"ते आधी बंद कर. त्यातून कुठं कुठं जातं, मला म्हाईत हाय."

म्हणून मला नेलं. सुलाबाईंनी मला हातात घेऊन उलटसुलट केलं. "हे कुणाला पाठवत तर नाय ना?"

"नाही मावशी. हे फक्त ऐकतं. तुमचं नावही कुठे येणार नाही," अपूर्वा म्हणाली.

मग त्या बोलल्या. शेडवर बायकांसाठी एकच संडास, त्याला कुलूप, आणि चावी मुकादमाच्या खिशात. "चावी मागाया गेलं की नाथा मुकादम चारचौघांत इचारतो, आत्ताच गेली व्हतीस ना? मग आम्ही पाणीच पीत नाय. सकाळी घरून घोटभर पिऊन निघायचं, ते थेट सांजच्याला. लय जळजळ व्हती, पण सांगायचं कुणाला?"

नाथाचं नाव निघालं तेव्हा माझ्या शेजारी कुणाचा तरी श्वास अडकला. तो चैतालीचा होता.

दुसऱ्या दिवशी चैताली खोलीत एकटीच आली. तिनं दार लोटलं, मला अगदी हळू आवाजात लावलं आणि तेवढाच भाग तीनदा ऐकला. मग फोन केला. "मामा, शेडवर आहात ना? मला भेटायचंय. नाही, फोनवर नको."

नाथा मुकादम तिचा सख्खा मामा होता. माझ्या मनात पाल चुकचुकली.

आठवड्यानं कॉलेजात चर्चासत्र झालं. अपूर्वानं मला माइकसमोर धरून सुलाबाईंचं बोलणं दोन मिनिटं ऐकवलं. नाव सांगितलं नाही. टाळ्या पडल्या, पाहुण्यांनी पाठ थोपटली. मीही फुशारलो. कितीतरी वर्षांनी माझं कौतुक होत होतं.

चौथ्या दिवशी निरोप आला. सुलाबाईंना शेडवर यायचं नाही म्हणून सांगितलं होतं.

अपूर्वा चैतालीवर तुटून पडली. "तूच सांगितलंस! तुझा मामा आहे तो. मला पहिल्यापासून शंका होती."

"मी गेले होते," चैताली म्हणाली. "चावीचं बोलायलाच गेले होते. पण फाटकापासून परत आले गं, धीर झाला नाही. मी कुणालाही काही सांगितलेलं नाही."

अपूर्वाला ते पटलं नाही. मलाही नाही. रडका आवाज मी पुष्कळ ऐकलेत.

खरं काय ते आभा मॅडमनी शोधून काढलं. सभागृहातल्या कुणीतरी ती दोन मिनिटं मोबाईलवर घेऊन मित्रांच्या ग्रुपवर टाकली होती. तिथून ती फिरत फिरत शेडवर पोचली. नाव नव्हतं, पण आवाज होता. वर्षानुवर्षं ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला, त्या माणसांना आवाज ओळखायला नाव कशाला लागतं? म्हणजे फितूर चैताली नव्हती. बोललो मी होतो आणि मला बोलायला लावलं होतं अपूर्वानं.

चैताली त्याच दिवशी मामाच्या घरी गेली. तिथं काय झालं ते मी ऐकलं नाही. मामा तिच्याशी बोलत नाही आणि चावी आता दाराशेजारच्या खिळ्याला असते, एवढंच कळलं. सुलाबाई मात्र शेडवर परतल्या नाहीत. त्या भाजीच्या एका गाळ्यावर टोमॅटो निवडू लागल्या.

दोघी मुली मला घेऊन सुलाबाईंच्या घरी गेल्या.

"मावशी, माझं चुकलं. हे पुसून टाकते," अपूर्वा म्हणाली.

"पुसून काय व्हतंय? दे इकडं ते. कुठलं बटन दाबायचं?" सुलाबाईंनी मला अपूर्वाच्या तोंडासमोर धरलं. "आता मी इचारते, तू सांग. हे जे बायांचं शिकतीस, घरी म्हाईत हाय?"

अपूर्वानं तोंड माझ्यापासून बाजूला वळवलं.

"बोल की. मी नाय का बोलले?"

"नाही," ती म्हणाली. "घरी इंग्रजी घेतलंय असं सांगितलंय. बाबा म्हणतात, असले विषय शिकणाऱ्या मुलींना स्थळं येत नाहीत. पुढच्या महिन्यात एक जण बघायला येणार आहेत. मला नको आहे, पण मी घरात अजून कुणालाच..." पुढचं मला नीट ऐकू आलं नाही.

सुलाबाईंनी बटण दाबून मला थांबवलं. "हे लावू का तुमच्या कॉलेजात?"

"नको, मावशी! प्लीज नको."

"का गं? नाव कुठं सांगितलंस तू?"

मित्रांनो, सुलाबाईंनी ते रेकॉर्डिंग कुणालाच ऐकवलं नाही. स्वतःचं पुसू दिलं नाही आणि अपूर्वाचंही नाही. आज मी पुन्हा त्याच खणात आहे, सेल काढलेला. सुलाबाई आणि अपूर्वा, दोघींचे आवाज माझ्यात शेजारीशेजारी आहेत. मला धूळ लागली तरी चालेल, पट्टी मिळाली नाही तरी चालेल. पण कुणी मला हातात घेऊन बटणाकडे बोट नेलं, तर आधी त्या दोघींना विचारून या. मी वाट बघेन.