डावी बाजू दोन बोटं कमी

पडदेवाल्या बाईंचं मशीन सकाळी सातला सुरू झालं की खालच्या वेल्डरची झोप मोडायची आणि तो जिन्यातून ओरडायचा, "बाई, जगाच्या खिडक्या झाकताय, माझे कान कधी झाकणार?"

"तुझं तोंड आधी झाकू दे मेल्या!" सासूबाई पलंगावरूनच उत्तर द्यायच्या. त्या मंगळवारीही हे सगळं रीतसर पार पडलं.

मग दुकानातून शिवायला कापड आलं. निळं, जाड, तीन खिडक्यांचं. सोबत मापांची चिठ्ठी होती. तिसऱ्या खिडकीसमोर लिहिलं होतं: डावी बाजू दोन बोटं कमी. बाईंचा हात थांबला. गवंड्याने अशी वाकडी बसवलेली खिडकी त्यांना एकच माहीत होती, आणि ती त्यांच्याच स्वयंपाकघरात होती. टेप घेऊन त्या उठल्या. तिन्ही खिडक्या मोजल्या. सुताचाही फरक नव्हता.

"आई, गेल्या आठवड्यात तो माणूस जाळ्यांचं माप घ्यायला आला होता ना?"

"हो. तू चहा दिलास की त्याला. दोनदा."

"ते माप पडद्यांचं होतं. काकांनी घर विकायला काढलंय."

काका म्हणजे घरमालक. आता मागचं थोडं सांगायला हवं, आणि सांगताना मला संताप आवरणार नाही. दिराने टेम्पो घेतला तेव्हा कर्जाला बाई जामीन राहिल्या. नवरा वारला, दीर टेम्पोसकट पसार झाला, हप्ते थकले आणि बँकेच्या दप्तरी पत गेली ती बाईंची. त्यानंतर ज्या दारात जावं तिथे मालक आधी बँकेची नोंद मागायचा आणि मग दार लावायचा. या बाईने आयुष्यात एकदाही भाडं चुकवलेलं नाही, हे विचारतो कोण! काकांनी मात्र "मुली, मी नोंद नाही, माणूस बघतो" म्हणत घर दिलं. भाडेकरार केला नाही. फक्त एका कागदावर सही घेतली: 'मी स्वखुशीने घर रिकामे केले आहे.' तारखेची जागा कोरी.

किल्ली हातात पडायच्या आधीच घर सोडल्याची सही! आणि याला ही सभ्य माणसं 'पद्धत' म्हणतात. काकांच्या इमारतीत सहा बिऱ्हाडं होती, सहांचीही पत गेलेली, सहांचेही कागद काकांच्या कपाटात. पण प्रत्येकाला वाटायचं, ही नामुष्की आपल्या एकट्याचीच. लाजेपायी कुणी कुणाजवळ बोललं नव्हतं.

बाई त्याच दुपारी काकांकडे गेल्या. "काका, दोन महिने तरी द्या. आईंना जिना उतरवत नाही. मला दुसरं घर कोण देणार?"

"ते मला काय विचारतेस?" काका चष्मा पुसत म्हणाले. "कागदावर तर तू एक तारखेलाच गेलीस."

तारीख घालून झाली होती. बाई घरी आल्या आणि पडदे शिवायला बसल्या. घेतलेलं काम टाकायची त्यांना सवय नव्हती.

गुरुवारी सकाळी अकराला दोन माणसं पहार घेऊन आली. दार वाजवलं नाही. पहिल्या दणक्याला कडी तुटली, दुसऱ्याला फळी फुटून आत पडली. त्यातल्या आडदांड माणसाने भांड्यांची मांडणी ओढून पाडली, डबे लाथाडले. दुसऱ्याने मशीन उचललं.

"अरे, पोट आहे ते आमचं!" म्हणत सासूबाई पलंगावरून घसरल्या आणि त्यांनी मशीनचा पाय धरला.

"म्हातारे, सोड."

"नाही सोडत."

आडदांडाने पहार फिरवली. सासूबाईंच्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज जिन्यापर्यंत गेला. मशीन सज्ज्यावरून खाली गेलं आणि फरशीवर फुटलं. सत्तरीच्या बाईवर पहार!

बाईंच्या हातात कापड कापायची मोठी कात्री होती. ती त्यांनी उचलली कधी हे त्यांनाही कळलं नाही. आडदांडाच्या दंडात ती चांगली बोटभर रुतली. तो बोंबलला, डाव्या हाताने त्याने बाईंचे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा. रक्त निळ्या पडद्यांवर उडालं.

वेल्डर हातोडा घेऊन धावत वर आला. मागून बाकीची बिऱ्हाडंही आली. दारात काका उभे होते, हातात कागद.

"तिच्याच सहीने तिने घर सोडलंय. आणि वेल्डर, तुझाही कागद माझ्याकडे आहे, विसरू नकोस."

वेल्डरने उगारलेला हातोडा खाली घेतला. सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

तेव्हा बाई भिंतीला धरून उठल्या. "हो, माझी पत गेलीय!" त्या ओरडल्या. "दिरासाठी गेली, मी बुडवून खाल्लं नाही. सही माझी आहे, तारीख या चोराची आहे! वेल्डरदादा, तुमची तारीख कोण घालणार? आणि ताई, तुमची?"

मग समोरच्या बिऱ्हाडातली ताई हळूच म्हणाली, "माझ्याकडूनही घेतलाय." मागून कुणीतरी म्हणालं, "आमच्याकडूनही." वेल्डरने मान वर केली. पुढचं मी सजवून सांगत नाही: हातोड्याचा दांडा आडदांडाच्या गुडघ्यावर बसला, त्याचा जोडीदार जिन्यावरून गडगडत गेला आणि काकांचा चष्मा कुणाच्या तरी पायाखाली आला. पोलीस आले तेव्हा सहा बिऱ्हाडं जबाब द्यायला रांगेत उभी होती. बाईंचं नाव कात्रीपायी आरोपींतही लिहिलं गेलं. त्यांनी ते नाकारलं नाही.

शनिवारी घर घेणारी बाई पडदे न्यायला आली. दुकानाने तिला पत्ता दिला होता, आणि तो आपण घेतलेल्याच घराचा आहे हे वाचून ती गोंधळलीच होती. तुटलेल्या दारातून ती आत आली. तिन्ही खिडक्यांवर तिचे निळे पडदे लागले होते. उरलेली शिवण बाईंनी हातानेच पुरी केली होती. वाकड्या खिडकीवरचाही पडदा नेमका बसला होता, त्यावर रक्त वाळून काळं पडलं होतं. पलंगावर सासूबाई होत्या, हात प्लास्टरमध्ये.

"हे पडदे माझे ना?" तिने विचारलं.

"कापड तुमचं. पैसे फेडीन. पण राहतोय आम्ही इथे, आणि जाणार नाही."

"मला घर रिकामं आहे म्हणून सांगितलं होतं."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर टाके होते. "रिकामं कोण करणार आणि कसं, हे तुम्ही विचारलंत का?"

घर घेणाऱ्या बाईने पडद्यावरच्या वाळलेल्या डागाला बोट लावलं. वाचकहो, उत्तर तिच्या एकटीकडे मागू नका. रिकामं घर बघायला आपणही जातोच.