वाफेचा नांगर आणि उपाशी चंडोळ

मी नांगर बोलतोय. पण तुमच्या डोळ्यांपुढे आला तो नांगर मी नव्हे. माझ्यापुढे ना बैल जुंपत, ना घोडा. शेताच्या दोन टोकांना वाफेची दोन इंजिने उभी राहत आणि पोलादी दोराने मला आळीपाळीने आपल्याकडे ओढून घेत. मला वळावे लागत नसे. माझे अंग तराजूच्या दांडीसारखे. जाताना एका बाजूचे फाळ मातीत, दुसऱ्या बाजूचे आभाळाकडे, येताना उलट.

माझा जन्म लीड्सच्या एका कारखान्यातला. तिथून नोआ बिल्टनच्या टोळीबरोबर मी गावोगाव फिरू लागलो. टोळीची माणसे चाकांवरच्या लाकडी खोलीत राहत. सकाळी इंजिनाच्या भट्टीत फावडे धरून त्यावरच मांसाचे काप तळत आणि त्याच फावड्याने मग कोळसा टाकत.

एका ऑक्टोबरात आम्ही हंटिंग्डनकडे हेस्टर पॅम्प्लिनबाईंच्या शेतावर गेलो. आम्हाला सांगावा त्यांच्या यजमानांनी, वॉल्टरनी, धाडला होता. आम्ही पोचेपर्यंत ते राहिले नव्हते. बाई त्यांच्याविषयी बोलत नसत. फक्त त्यांचा कोट घालून, बाह्या दुमडून शेतावर येत.

त्या शेताला सारे ‘उपाशी चंडोळ’ म्हणत. माती इतकी चिकण, की चंडोळालाही तिथे दाणा मिळू नये. दोन वर्षे पाऊस लवकर आला, घोडे गुडघ्यापर्यंत रुतले आणि गहू पेरायचा राहिला. यंदाही तिथे काटेरी झुडपेच माजली, तर शेती दुसऱ्या कुळाला देऊ, असे जमीनदाराच्या कारभाऱ्याने बाईंना बजावले होते.

घोडे एफ्रेम डॅकच्या हाती होते. व्हायोलेट घोडी आणि कॅप्टन घोडा. हा माणूस त्यांच्या आधी जेवत नसे. माझे काम जमले की घोडे विकले जाणार, हे त्याने मनाशी धरले होते. तो कुंपणाला टेकून आमच्याकडे बघत राही. “किटलीनं चहा होतो,” तो इंजिनाकडे बोट दाखवत नोआला म्हणाला, “गहू नाही होत.”

“मग चहा प्यायला ये, म्हातारबा,” नोआ म्हणाला.

निम्मे शेत झाले आणि माझ्यावर बसून चाक धरणारा माणूस तापाने आडवा झाला. पश्चिमेला आभाळ भरत होते. नांगराचा तास सरळ धरू शकेल असा दुसरा माणूस जवळपास एकच होता. बाई स्वतः तबेल्यात गेल्या आणि एफ्रेमला घेऊन आल्या. येताना तो कुरकुरत होता.

“बाईसाहेब, मी बसून नांगरत नाही. बसून माणूस जेवतो.”

“वॉल्टर असते तर तेच बसले असते.”

एफ्रेम काही वेळ त्या कोटाच्या दुमडलेल्या बाह्यांकडे बघत राहिला. मग माझ्यावर चढला.

शिट्टी झाली, दोर ताणला आणि मी निघालो. त्याचा हात चाकावर पडताच मला कळले, हा माणूस माती तळव्यांनी ओळखतो. तास असा सरळ गेला की नोआची शिवी तोंडातच राहिली. पण टोक जवळ आले तशी एफ्रेमची जन्माची सवय उसळली. मागे रेलून त्याने लगाम खेचावा तसे चाक खेचले आणि ओरडला, “हो, व्हायोलेट! हो, बाळा!”

इंजिन कसले ऐकते! मी तिरका होऊन पुढे सरकतच राहिलो. नोआने वाफ बंद केली तेव्हा मी त्याच्या इंजिनापासून हातभर अंतरावर होतो. मग दूर तबेल्यातून व्हायोलेट खिंकाळली, आणि सगळ्यांत आधी एफ्रेमच हसला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शेत उलथून झाले. तरी नोआ समाधानी दिसेना. इंजिने ज्या दोन कडांवरून सरकत होती, तिथल्या पट्ट्या त्यांच्या वजनाने दगडासारख्या दबल्या होत्या. आमचा दोर तिथे पोचत नव्हता. “इथं आमची किटली थंड,” तो एफ्रेमला म्हणाला. “हे तुझ्या घोड्यांचं काम.”

एफ्रेम जागचा हलला नाही. त्याने बाईंना विचारले, “आज नांगरतील ते. आणि उद्या?”

बाईंनी नजर चुकवली नाही. “विकायचं मनात होतं, एफ्रेम. खोटं कशाला बोलू?”

“मग?”

“मग दर वर्षी या पट्ट्या काय मी दातांनी उकरू? जा, घेऊन या त्यांना.”

तो गेला, पण चालत गेला असे काही म्हणता येणार नाही, धावलाच. व्हायोलेट आणि कॅप्टन कडा नांगरत होते तेव्हा मी शेतात निवांत पडून बघत होतो. पुढच्या दोन दिवसांत गहूही त्यांनीच पेरला. पाऊस आला तो त्यानंतर.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा खळ्यापाशी गव्हाच्या गंज्या उभ्या होत्या. बाईंच्या अंगात कोट नव्हता. ऊन आहे म्हणून, असे एफ्रेमने नोआला सांगितले.

आता ट्रॅक्टर आले आहेत. टोळी मोडली तेव्हा पॅम्प्लिनांच्याच घराने मला ठेवून घेतले. कोठारामागे मी रानगवतात पडून आहे. कॅप्टन, व्हायोलेट, एफ्रेम, बाई, कोणी उरले नाही. शेताचे नाव मात्र तेच आहे, आणि चंडोळ तिथे उपाशी नाहीत.

कधी इकडे आलात तर माझ्या वरच्या फाळाला धरून थोडे खाली दाबून बघा. गंजलो असलो तरी मी अजून झुकतो. जी बाजू इतकी वर्षे मातीत रुतून बसली आहे, ती हळूहळू वर येईल.